औषधाची चक्कर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१

बहुतेक औषधांचे दुष्परिणाम मूळ आजारापेक्षा वेगळे दिसतात. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळी घेतली आणि पोटात जळजळ सुरू झाली, तर हे दोन त्रास निराळे आहेत हे रुग्णालाही सांगावे लागत नाही. चक्कर आणि कानातला आवाज यांवरच्या औषधांचे तसे नाही. चक्कर थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी सुस्ती येते, डोके हलके होते, चालताना झोक जातो. कानातल्या आवाजाने झोप येत नाही म्हणून दिलेली झोपेची गोळी काही महिन्यांनी एकदम बंद केली, तर तोच आवाज पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येऊ शकतो. म्हणजे येथे दुष्परिणाम आजाराचेच रूप घेऊन येतो. रुग्ण सांगतो, ‘चक्कर वाढली.’ डॉक्टर मात्रा वाढवतात. चक्कर आणखी वाढते, आणि आजार हट्टी आहे असा सगळ्यांचाच समज होतो.

या अभ्यासक्षेत्राचा पेच हाच आहे. आजार आणि औषध एकाच भाषेत बोलू लागले, तर त्यांना वेगळे कसे ओळखायचे? ही प्रस्तावना त्या प्रश्नाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी आहे. त्यात वैद्यकाचे आणि फार्मसीचे विद्यार्थी आहेत, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, मेडिकल दुकानाच्या फळीमागे उभे राहणारे फार्मासिस्ट आहेत आणि आशाताईही आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या मोजून हातावर ठेवणारी सून किंवा नातूही आहे. या क्षेत्रातली पहिली नोंद पुष्कळदा याच शेवटच्या माणसाकडून येते, म्हणून त्याला येथे पाहुणा समजू नये.

लिहिताना वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले केनवड हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. औषधाची चिठ्ठी रिसोडला, वाशिमला किंवा अकोल्याला लिहिली जाते, पण गोळी अंगात भिनते ती सोयाबीन-तुरीच्या शेतात, हरभऱ्याच्या रात्रीच्या ओलितावर आणि मळणी यंत्राच्या शेजारी. गोळ्यांच्या पाकिटावर ‘वाहन किंवा यंत्र चालवू नये’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यातले यंत्र म्हणजे इथे थ्रेशर आणि वाहन म्हणजे तिघांना घेऊन निघालेली मोटारसायकल. दुष्परिणाम जिथे घडतो तिथेच तो दिसायला हवा. म्हणून अभ्यासाचे ठाणेही तिथेच असावे.

२

औषधांकडे वळण्याआधी तक्रारींची ओळख हवी. कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तोल सांभाळणारे इंद्रिय असते. प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या. दोन्ही कानांकडून मेंदूकडे अखंड संदेश जात असतात आणि मेंदू त्यांची सतत तुलना करतो. जूला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक अडला की गाडी गरकन वळते, तसा एका बाजूचा संदेश मंदावला की सगळे जग फिरू लागते. काही दिवसांत मेंदू नवा हिशेब मांडतो आणि कमकुवत बाजू धरूनही तोल राखायला शिकतो. मात्र त्यासाठी माणसाने हालचाल करावी लागते आणि मेंदूला चूक जाणवावी लागते. ही बाब लक्षात ठेवावी. पुढच्या अर्ध्या औषधांचा दोष तिच्यात दडलेला आहे.

‘चक्कर येते’ असे सांगणाऱ्या माणसाला नेमके काय होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना खोली गरगरत असेल आणि मिनिटभरात थांबत असेल, तर कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरले असण्याची शक्यता मोठी. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याची तपासणी सांगितली. एप्ली यांनी १९९२ मध्ये डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागी नेण्याची कृती प्रसिद्ध केली. कोणतीही गोळी हे कण परत नेत नाही. तासन्‌तास गरगरणे, जोडीला कान भरल्यासारखा होणे आणि ऐकू कमी येणे, असे झटके येत असतील तर विचार मेनिएच्या आजाराचा करतात. त्याचे वर्णन पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिए यांनी १८६१ मध्ये केले. अर्धशिशीतही चक्कर येते. बसलेले असताना ठीक आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, हा प्रकार कानाचा नसून रक्तदाबाचा असतो. उपाशीपोटी घाम फुटून हातपाय गळत असतील, तर आधी साखर पाहावी.

कानातल्या आवाजाची तऱ्हा वेगळी. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला शिट्टी, कुणाला गूं असा नाद. त्याच्या मुळाशी बहुधा ऐकण्यातली घट असते. वाढते वय किंवा वर्षानुवर्षांचा गोंगाट कानातल्या नाजूक पेशी मारतो. मग बाहेरून येणारा संदेश कमी झाला म्हणून मेंदू आपलाच आवाज वाढवतो. या आवाजावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकही औषध मंजूर केलेले नाही. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले, की नैराश्यावरची, फेफऱ्यावरची किंवा चिंतेवरची औषधे केवळ या आवाजासाठी सरसकट देऊ नयेत. गिंको, मेलाटोनिन, जस्त यांचीही शिफारस करू नये. लागत असेल तर श्रवणयंत्र द्यावे आणि आवाजाशी मनाचे नाते बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरावी, असा सल्ला तिने दिला.

तरीही औषध मिळेल ही आशा जुनी आहे, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तोलेंद्रियावरच्या कामासाठी १९१४ चे नोबेल मिळवणाऱ्या रॉबर्ट बारानी यांनी १९३५ मध्ये नोंदवले, की नाकात भूल देणारे औषध टोचल्यावर कानातला आवाज काही काळ थांबतो. पुढे तशीच औषधे शिरेतून देऊन पाहिली गेली. आवाज कमी होई, पण थोड्याच वेळासाठी. हृदयाचे ठोके आणि मेंदू यांना असलेला धोका मात्र खरा होता. फायदा क्षणाचा आणि जोखीम मोठी, हे गणित या क्षेत्रात पुन्हापुन्हा भेटते.

३

आता औषधांची ओळख, एकेका घराण्याची.

बीटाहिस्टीन हे चक्करवरच्या गोळ्यांतले सर्वांत परिचित नाव. ती हिस्टामिनच्या मार्गाने काम करते आणि तुलनेने सौम्य आहे. आम्लपित्त, मळमळ, डोकेदुखी हे तिचे नेहमीचे त्रास, आणि जेवणानंतर घेतल्यास ते कमी होतात. पोटात व्रण असलेल्यांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ती जपून घ्यावी. ॲड्रिनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत ती वर्ज्य आहे. खरा प्रश्न तिच्या उपयोगाचा आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात मिळालेली मंजुरी पुराव्याअभावी काही वर्षांतच काढून घेतली गेली, तर युरोपात आणि भारतात वापर चालूच राहिला. २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जर्मनीतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. मेनिएच्या २२१ रुग्णांना नऊ महिने बीटाहिस्टीनची कमी मात्रा, मोठी मात्रा किंवा निव्वळ दिखाऊ गोळी दिली होती. तिन्ही गटांत झटके घटले आणि गटागटांत फरक आढळला नाही. कानातल्या आवाजासाठी ती उपयोगी असल्याचा पुरावा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यालाही मिळाला नाही. यातून नव्या अभ्यासकाने एक धडा घ्यावा. हे आजार आपणहून चढतात आणि उतरतात, त्यामुळे गोळीचे श्रेय जितके फसवे असते तितकाच तिच्यावरचा आळही फसवा असू शकतो.

सिनारिझीन आणि फ्लुनारिझीन हे दुसरे घराणे. सिनारिझीन बेल्जियमच्या यान्सेन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झाली. दोन्ही गोळ्या चक्करसाठी चालतात, आणि फ्लुनारिझीन अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात. सुस्ती आणि वजनवाढ हे त्यांचे सहज दिसणारे परिणाम. न दिसणारा परिणाम अधिक गंभीर आहे. ही औषधे मेंदूतल्या डोपामिनचेही काम अडवतात. उरुग्वेतील डॉक्टरांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फ्लुनारिझीन घेणाऱ्या रुग्णांतील कंप, ताठरपणा, तोंडाच्या अनैच्छिक हालचाली आणि नैराश्य यांची नोंद केली. त्याच दशकात स्पेनमधून सिनारिझीनबाबत तशीच निरीक्षणे आली. धोका वाढत्या वयात, विशेषतः वयस्कर स्त्रियांत, आणि महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवण्यात आहे. फ्लुनारिझीन शरीरातून उतरायला आठवडे लागतात, त्यामुळे गोळी थांबवली तरी थरथर लगेच थांबत नाही. घरचे म्हणतात, ‘गोळी सोडूनही फरक नाही, म्हणजे गोळीचा दोष नव्हता.’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

प्रोक्लोरपेराझीन मुळात मानसिक आजारांवरच्या औषधांच्या कुळातली. उलटी आणि तीव्र चक्कर ती झटकन आवरते, म्हणून तातडीच्या वेळी तिचे स्थान आहे. पण तरुण रुग्णात, विशेषतः मुलांत, काही तासांत ते दोन-चार दिवसांत मान वाकडी होऊ शकते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो. घरचे घाबरून जातात. कुणी फिट म्हणते, कुणी बाहेरचे काही लागले म्हणते. प्रत्यक्षात ही औषधाची ओळखता येणारी प्रतिक्रिया आहे. योग्य इंजेक्शन मिळाले की ती बहुधा मिनिटांत उतरते. हीच गोळी वृद्धाला दीर्घकाळ दिली तर कंप, रक्तदाब घसरणे आणि पडणे यांची वाट मोकळी होते.

प्रोमेथाझीन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझीन ही जुनी ॲलर्जीविरोधी औषधे. यांतल्या एकीचा चक्करसाठी वापर योगायोगाने सुरू झाला. १९४० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावरच्या गांध्यांसाठी डायमेनहायड्रिनेट घेणाऱ्या एका बाईला ट्रामप्रवासात होणारी मळमळ थांबल्याचे लक्षात आले. म्हणजे एका अनपेक्षित परिणामातूनच उपचार सापडला. या कुळाने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. घाम कमी येतो, हा त्यांचा आणखी एक गुण. वऱ्हाडच्या मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला तो परवडत नाही, कारण घाम थांबला की अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही चिंताशामक कुळातली औषधे चक्कर आणि कानातला आवाज या दोन्ही तक्रारींसाठी लिहिली जातात. सुरुवातीला बरे वाटते, यात शंका नाही. मग सवय लागते. रात्री लघवीला उठलेला माणूस अंधारात अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. गोळी एकाएकी सोडली तर अस्वस्थता, निद्रानाश, कानातला वाढलेला आवाज आणि कधी फिटही येते. म्हणून ही गोळी सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

याखेरीज लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मेनिएच्या आजारात दिल्या जातात. त्यांनी क्षार आणि पाणी कमी होऊन पुन्हा चक्करच येते. अचानक बहिरेपणात स्टेरॉइड देतात. मधुमेही माणसाची साखर त्याने उसळते. कानाच्या पडद्यातून दिले जाणारे जेंटामायसिन मेनिएची चक्कर थांबवते, पण ऐकणेही हिरावू शकते. गिंकोच्या गोळ्या ‘झाडपाल्याच्या’ म्हणून निर्धास्तपणे घेतल्या जातात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

या घराण्यांतल्या बहुतेक गुंगी आणणाऱ्या औषधांत एक समान दोष आहे. ती तोलेंद्रियाकडून मेंदूकडे जाणारी खबर मंदावतात. पहिले दोन-तीन दिवस, उलट्या थांबत नसताना, ते वरदान असते. नंतर तेच अडथळा ठरते, कारण चूक जाणवलीच नाही तर मेंदू नवा हिशेब मांडत नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोके आणि डोळे हलवण्याचे व्यायाम बसवले, ते याच तत्त्वावर. चक्कर येणाऱ्याने निजून राहू नये, सांभाळून हालचाल करावी. महिनोन्‌महिने गोळी आणि अंथरूण, ही जोडी चक्कर टिकवून ठेवते.

४

एकेका औषधाचा दुष्परिणाम पाठ करणे सोपे आहे. अवघड आहे ते साखळी ओळखणे. पुढचे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक कडी औषधशास्त्रात नोंदलेली आहे.

केनवडातल्या सत्तरीच्या एका आजींना रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. वैशाखातल्या उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या दिवशी, बाजेवरून उठताना त्यांना अंधारी येते. मेडिकलमधून चक्करची गोळी येते, ती निघते सिनारिझीन. झोप छान लागते, म्हणून गोळी लागू पडली असे वाटते आणि ती चालू राहते. दिवाळीपर्यंत आजींचा हात थरथरू लागतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. घरात म्हणतात, वय झाले. शहरातले डॉक्टर कंपवाताची गोळी देतात. त्या गोळीने तोंड सुकते, लघवी अडखळते, रात्री आजी नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात. मग झोपेची गोळी येते. माघात त्या मोरीत पडतात.

पहिल्या अंधारीच्या दिवशी उभे करून रक्तदाब मोजला असता, तर पुढच्या तीन गोळ्या लागल्या नसत्या. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो विकार मानतात. एक दाबमापक आणि थोडा धीर एवढेच त्याला लागते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध देण्याच्या या साखळीचे वर्णन रोशन आणि गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केले. चक्कर हा या साखळीचा आवडता दरवाजा आहे, कारण रक्तदाबाच्या, साखरेच्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या कितीतरी गोळ्यांनी चक्कर येते. श्रावणातल्या उपवासाच्या दिवशी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन शेतात गेलेल्या माणसाला चक्करची गोळी देणे म्हणजे आगीकडे पाठ करून धूर झटकण्यासारखे आहे.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीनंतरची चक्कर, घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या ही विषबाधेची खूण असते. तिच्यावर चक्करची गोळी घेऊन घरी पडून राहणे जिवावर बेतू शकते. म्हणून केनवडसारख्या गावात चक्करच्या प्रत्येक नोंदीत दोन प्रश्न हवेतच : कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि गेल्या दोन दिवसांत फवारणी केली का?

५

या क्षेत्राच्या इतिहासात रुग्णाच्या शब्दाला असामान्य वजन आहे. त्याचे उदाहरण चक्करच्या गोळीचे नव्हे, कान बिघडवणाऱ्या औषधाचे आहे. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले, आणि पुढच्याच वर्षात ते तोलेंद्रियाला इजा करते हे दिसू लागले. १९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने केवळ ‘जे. सी.’ या आद्याक्षरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचा तोल कायमचा गेला होता. नाडीच्या ठोक्यानेही डोके हलून अक्षरे नाचत, म्हणून वाचण्यासाठी ते पलंगाच्या दोन लोखंडी गजांत डोके रुतवून बसत. यंत्राने मोजता न येणारी ही गोष्ट रुग्णाने सांगितली म्हणूनच कळली. चालताना जग उसळते अशी तक्रार आजही याच इजेकडे बोट दाखवते.

त्यानंतर सुरक्षित म्हणून आणलेल्या डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनने तोल वाचवला, पण श्रवण घेतले. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात पुन्हा उपचार घेणाऱ्यांना अनेक वर्षे दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळत, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात कॅनामायसिन. ही इंजेक्शने आता तोंडाने घ्यायच्या औषधांपुढे मागे पडली आहेत. ती घेतलेली माणसे मात्र गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या कानात आज आवाज येत असेल, तर जुने क्षयाचे कार्ड हीच पहिली तपासणी.

महाराष्ट्राची स्वतःचीही परंपरा आहे. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास करून १९९८ मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. गरज आणि विक्री यांतली दरी जिल्हा पातळीवर मोजता येते, हे त्याने दाखवले. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय २००४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता (दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करण्याच्या) उपक्रमाच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक होते. आजचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०११ पासून गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. तिथल्या नोंदी स्वीडनमधील उप्साला केंद्रात जगभरच्या नोंदींना जाऊन मिळतात.

नोंद करायला डॉक्टरच हवा असे नाही. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर फोन करूनही कळवता येते. पुरावा लागत नाही, साधार संशय पुरतो. चार गोष्टी असल्या की नोंद ग्राह्य : रुग्णाची ओळख पटण्यापुरती माहिती, कळवणारा, संशयित औषध आणि घडलेला त्रास. ओळख गुप्त राहते.

६

संशयाचे रूपांतर शास्त्रात कसे होते? नारान्हो आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दहा प्रश्नांची एक सारणी दिली. त्रास औषधानंतर सुरू झाला का? औषध थांबवल्यावर उतरला का? पुन्हा दिल्यावर परतला का? दुसरे कारण संभवते का? उत्तरांना गुण देऊन संबंध निश्चित, बहुधा खरा, शक्य किंवा संशयास्पद ठरतो. इतर औषधांच्या बाबतीत ही सारणी पुष्कळदा पुरते. चक्करच्या औषधांत तिचा एकेक प्रश्न अडखळतो, कारण चक्कर औषधाआधीही होतीच, थांबवल्यावर परतली तर ती आजाराची की गोळी सोडल्याची हे कळत नाही, आणि दिखाऊ गोळीनेही झटके घटतात हे आपण पाहिलेच.

मग उरतो तो काळाचा पुरावा. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, मात्रा कधी बदलली, चक्करचे स्वरूप कधी पालटले? गरगरणे जाऊन नुसती झोकांडी कधी आली? या तारखा एकाखाली एक लिहिल्या, तर आजार आणि औषध यांची सरमिसळ हळूहळू सुटू लागते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. ‘आजी, ही गोळी कधीपासून घेता? आधी डोकं फिरायचं का नुसतं जड व्हायचं?’ असे विचारणारा माणूस आणि एक वही पुरते. रिकामी पाकिटे टाकू नका, पिशवीत ठेवा, हे घरोघरी सांगणे हेदेखील संशोधनाचे काम आहे.

वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यातल्या विद्यार्थ्यांना केनवडसारख्या गावात करण्याजोगे प्रश्न सहज सुचतील. साठीपुढच्या किती जणांना चक्करची गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ चालू आहे? त्यांच्यापैकी कितींचा उभ्याने रक्तदाब कधी मोजला गेला? कितींना थरथर आहे, आणि ती गोळीआधीची की नंतरची? कूस बदलताना गरगरणाऱ्या किती जणांवर एप्लींची कृती झाली, आणि किती जणांना केवळ गोळी मिळाली? मळणीच्या हंगामात अपघात झालेल्यांपैकी कितींनी आदल्या रात्री गुंगीची गोळी घेतली होती? यांतल्या एकाही प्रश्नाला प्रयोगशाळा लागत नाही, आणि प्रत्येकाचे उत्तर छापण्याच्या योग्यतेचे आहे.

दोन इशारे देऊन ठेवतो. दुष्परिणामांची ही यादी वाचून कुणी चालू गोळ्या एकदम फेकून देऊ नयेत. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या अशा सोडणे घातक असते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडणेही घातक ठरू शकते. आणि चक्करच्या जोडीला बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, एक हात-पाय लुळा पडणे, आधाराशिवाय उभेच राहता न येणे यांपैकी काही असेल, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर चर्चा करत न बसता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

या औषधांना शत्रू मानण्याचे कारण नाही. उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी त्यांच्याइतका दिलासा दुसरे काही देत नाही. बिघाड होतो तो दुसऱ्या महिन्यात, जेव्हा गोळी का सुरू झाली होती हे डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण या तिघांनाही आठवत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाकडून पहिली मागणी अगदी साधी आहे. चक्करची किंवा कानातल्या आवाजाची कोणतीही गोळी लिहिताना, देताना किंवा घेताना चिठ्ठीवर दोन तारखा घालाव्यात : सुरू करण्याची आणि थांबवून पुन्हा तपासण्याची. दुसरी तारीख लिहिली गेली नाही, तोवर ती चिठ्ठी पुरी झाली असे समजू नये.